घरातच मारल्या गेलेल्या बायकांचा हिशोब आपल्याकडे कोण ठेवतं?

केतकी_सातारा (धागाकर्ती)

दरवर्षी २५ नोव्हेंबरच्या सुमारास संयुक्त राष्ट्रांचा एक अहवाल येतो. ताजा वाचला. २०२४ मध्ये जगभरात सुमारे ८३,००० बायका-मुलींचे खून झाले. त्यातल्या सुमारे ५०,००० जणींना मारणारा नवरा, जोडीदार नाहीतर घरातलंच कुणीतरी होतं. दिवसाला १३७.

मग आपल्या देशाचा आकडा शोधायला बसले. प्रश्न साधा होता: एका वर्षात भारतात किती बायकांना त्यांच्या नवऱ्याने मारलं? एनसीआरबी म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारा केंद्र सरकारचा विभाग, त्याचा २०२२ चा अहवाल उघडला. हुंडाबळीचे गुन्हे ६,४५०. पती आणि सासरच्यांकडून क्रूरतेचे गुन्हे १,४०,०१९. खून एकूण २८,५२२. खुनाच्या तक्त्यात कारणं दिलीत, वाद, वैर, प्रेमप्रकरण, अनैतिक संबंध वगैरे. मयत बाई की पुरुष तेही दिलंय. पण मारणारा तिचा कोण लागत होता, हा रकानाच नाही. पानं पुन्हा पुन्हा चाळली.

ब्रिटनमध्ये केरन इंगाला स्मिथ या बाईंनी जानेवारी २०१२ पासून बातम्यांमधून अशी यादी एकटीने ठेवायला घेतली. पुढे त्यातूनच मोठी नोंदवही उभी राहिली. २००९ ते २०१८ या दहा वर्षांत पुरुषांच्या हातून मेलेल्या १,४२५ बायका त्यात आहेत, म्हणजे दर तीन दिवसांना एक. जेस फिलिप्स या खासदार २०१६ पासून दर महिला दिनाच्या सुमारास तिथल्या संसदेत त्या वर्षीची नावं वाचून दाखवतात.

आपल्याकडे असं कुणी करतं का? निदान जिल्ह्यापुरतं? माहिती असेल तर सांगा.

मृद्गंध

वाचतेय. मलाही हवंय उत्तर.

शशांक_डोंबिवली

एक मुद्दा मांडतो, राग मानू नये. त्याच एनसीआरबीच्या अहवालात खुनाच्या बळींपैकी जवळपास ७० टक्के पुरुष आहेत. मग फक्त बायकांची वेगळी यादी कशासाठी? माणूस मेला हे महत्त्वाचं नाही का? शिवाय ४९८अ चे, म्हणजे नवरा-सासरच्यांनी छळ केल्याचे, खोटे गुन्हे किती असतात, हे आमच्या नात्यातच पाहिलंय. म्हाताऱ्या आईबापांना पोलीस ठाण्यात बसवलं होतं.

एक_वकील

@शशांक, पहिला मुद्दा खरा आहे. पुरुष जास्त मारले जातात, पण बहुतेक दुसऱ्या पुरुषांच्या हातून आणि घराबाहेर. केतकीताईंनी सांगितलेल्याच अहवालात पुरुषांच्या खुनांपैकी घरच्यांनी किंवा जोडीदाराने केलेले साधारण ११ टक्के आहेत, बायकांचे ६० टक्के. टोळीयुद्ध थांबवायला जे करावं लागतं त्याने स्वयंपाकघरातला खून थांबत नाही. वेगळी यादी हवी ती एवढ्यासाठी. पुरुषांचीही करावी, माझी ना नाही.

दुसरा मुद्दा अटकेचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार निकालात ४९८अ मध्ये सरसकट अटक करू नका असं स्पष्ट सांगितलंय. तुमच्या नातेवाइकांना त्रास झाला असेल, मी तो नाकारत नाही. पण इथे विषय मेलेल्या बायकांचा आहे आणि प्रेत काही खोटी तक्रार करत नाही.

आता मूळ प्रश्न. आकडा का सापडत नाही, ते कायद्याच्या रचनेत आहे. जरा लांबलचक लिहितो.

आपल्याकडे घरात मेलेली बाई पाच-सहा वेगवेगळ्या कप्प्यांत जाते. हुंड्यासाठी छळ झाला आणि लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत संशयास्पद मृत्यू झाला तर हुंडाबळी: जुन्या दंड संहितेचं ३०४ब, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८०. नवऱ्याने संशयावरून कोयत्याने मारलं तर तो साधा खून, पूर्वीचं ३०२, आता १०३. छळाला कंटाळून तिने विहीर जवळ केली तर आत्महत्येस प्रवृत्त करणं, ३०६, आता १०८. माहेरच्यांनी तक्रारच दिली नाही तर आकस्मिक मृत्यू. पोलीस त्याला एडी म्हणतात, आणि बऱ्याच फायली तिथेच बंद होतात.

४९८अ आलं १९८३ मध्ये, ३०४ब आलं १९८६ मध्ये. तेव्हा बायका रस्त्यावर उतरल्या होत्या त्या हुंड्यासाठी जाळलेल्या नव्या सुनांसाठी, म्हणून कायदाही त्याच साच्यात घडला. लग्नाला नऊ वर्षं झालेली, दोन पोरांची आई दारूड्या नवऱ्याने मारली तर ती या साच्यात बसत नाही. खुनाच्या २८ हजारांत मिसळून जाते.

पाटलीणबाई

वकीलसाहेब, अगदी बरोबर. आमच्या भागात हुंडा हा शब्द कुणी उच्चारत नाही. ‘मुलीला हौसेनं दिलं’ म्हणतात. आणि मार खाऊन माहेरी आलेल्या पोरीला आठवडाभर ठेवून घेतात, मग चार माणसं बसवून पुन्हा नांदायला पाठवतात. त्या बैठकीचा कागद कुठेच होत नाही. पोरगी गेली की तीच चार माणसं म्हणतात, आम्हाला एवढं कुठं माहीत होतं.

सिस्टर_माई

मी जळित वॉर्डात नोकरी केली, आता निवृत्त आहे. कुठल्या रुग्णालयात ते लिहीत नाही.

त्या वॉर्डात जास्त करून तरुण बायकाच असायच्या. रॉकेलचा वास लगेच कळतो. स्टोव्हचा भडका उडाला म्हणून भाजलं तर पुढून भाजतं, हात, छाती, चेहरा. डोक्यावरून ओतलेलं असेल तर केस आणि पाठसुद्धा गेलेली असते. आम्हाला बघताक्षणी कळायचं, पण आमच्या कळण्याला कागदावर जागा नव्हती. डॉक्टर ती शुद्धीवर आहे असं लिहून देणार, मग नायब तहसीलदार किंवा हवालदार जबाब घेणार. सासू उशाशी, नवरा दाराशी. ‘स्टोव्ह पेटवताना पदर पेटला.’ बऱ्याच जणींचा जबाब हाच. का, तर पोरं त्यांच्याच घरात मागे राहणार. एकीने मला रात्री वेगळं सांगितलं होतं. सकाळी पुन्हा जबाब घ्या म्हणून मी धावपळ केली, तोवर ती बोलू शकत नव्हती.

तेव्हा केतकी, तुझ्या यादीत ह्या बायका कुठल्याच कप्प्यात येणार नाहीत. त्या अपघातात आहेत.

मृद्गंध

माई, वाचून सुन्न झाले.

आकडेमोड_प्रिय

माई सांगताहेत त्याला मोठा आधार आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २००९ मध्ये भारतातल्या जळून झालेल्या मृत्यूंवर एक अभ्यास आला होता. अंदाज २००१ सालचा: एकूण १ लाख ६३ हजारांहून जास्त मृत्यू, त्यात सुमारे १ लाख ६ हजार बायका, बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. पोलिसांकडच्या आकड्याच्या सहा पट. त्या वयात पुरुषाच्या तिप्पट बायका जळून मेल्या. स्वयंपाक बायकाच करतात हे धरलं तरी तरुण सुनांमध्येच एवढे मृत्यू का, हे त्यातून उलगडत नाही. चूल तर सासूही पेटवते.

दुसरा आकडा आत्महत्यांचा. २०२१ मध्ये देशात ४५,०२६ बायकांनी आत्महत्या केली, त्यातल्या २३ हजारांहून जास्त गृहिणी, म्हणजे निम्म्याहून अधिक. बायका-पुरुष सगळे मिळून सर्वांत मोठं कारण ‘कौटुंबिक समस्या’. त्या दोन शब्दांच्या आत काय काय आहे ते तपासायची तसदी कुणी घेत नाही.

म्हणून सहा-साडेसहा हजार हुंडाबळी हा आकडा कुणी ‘भारतातले घरगुती खून’ म्हणून सांगितला तर तो मुळीच मान्य करू नका. त्यात उत्तर प्रदेश दोन हजारांवर आणि बिहार हजारावर, म्हणून ‘हा तिकडचा प्रश्न, महाराष्ट्रात नाही’ असंही लोक म्हणतात. महाराष्ट्रात हुंडाबळीची नोंद कमी आहे. मार खाणं कमी आहे असं त्यातून निघत नाही.

खानदेशी

सगळं पटतंय, पण वेगळं बोलतो. आकडे पुरे झाले की हो! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातच (२०१९-२१) आहे, लग्न झालेल्या बायकांपैकी २९ टक्क्यांनी नवऱ्याची हिंसा सोसलेली. मार खाल्लेल्यांपैकी मदत मागितली १४ टक्क्यांनी आणि ७७ टक्के तर कुणाला कधी बोलल्याही नाहीत. आणखी किती मोजायचं? आमच्या तालुक्यात रात्री दहा वाजता एखादी बाई लेकरं घेऊन निघाली तर तिने जायचं कुठे? घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे मूळचं दुसरंच काम, त्यात भर म्हणून हे. आधी निवारा द्या, याद्या नंतर करा.

केतकी_सातारा

@खानदेशीदादा, तुमची चिडचिड कळते. पण निवारा मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘तुमच्या तालुक्यात असे प्रकार किती?’ आणि आपल्याकडे उत्तर नसतं.

खानदेशी

ते उत्तर दिल्यावर तरी देतात का? मला शंका आहे. असो, धागा थांबवत नाही.

दूरदेशी_लीड्स

इथे इंग्लंडमध्ये घरगुती हिंसाचाराच्या मदत केंद्रात मी मराठी-हिंदी बोलणाऱ्या बायकांसाठी दुभाषी म्हणून जाते. त्या मोजणीचा उपयोग काय होतो ते सांगते, खानदेशीदादांसाठी खास.

केतकीने सांगितलेल्या दहा वर्षांच्या नोंदीत ६२ टक्के बायका नवऱ्याच्या, जोडीदाराच्या किंवा पूर्वीच्या जोडीदाराच्या हातून गेल्या. आणि जोडीदाराने मारलेल्यांपैकी ४३ टक्के जणी त्याला सोडून गेल्या होत्या किंवा सोडायच्या तयारीत होत्या. त्या सोडून गेलेल्यांपैकी ८९ टक्के वेगळं झाल्यावर पहिल्या वर्षातच मारल्या गेल्या. एकेक खून सुटा पाहिला तर ‘रागाच्या भरात झालं’ असं वाटतं. सगळे शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसतं की ती हातातून सुटतेय हे कळलं की तो मारतो. त्यामुळे आता इथे ‘सोडून दे त्याला’ असं नुसतं कुणी म्हणत नाही. कधी निघायचं, कुणाला सांगायचं, कागदपत्रं कुठे ठेवायची, मुलांच्या शाळेला काय कळवायचं, हे सगळं आधी बसून ठरवतात.

दुसरं म्हणजे गळा दाबणं. अमेरिकेत जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिका-संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारल्या गेलेल्या बायकांची प्रकरणं तपासली. जोडीदाराने आधी कधी गळा दाबला असेल तर पुढे त्याच्या हातून खून होण्याचा धोका सातपटीहून जास्त निघाला. गळा दाबल्यावर कितीदा अंगावर खूण उमटत नाही. बाई स्वतःसुद्धा ‘मारलं नाही, नुसता गळा धरला’ असं सांगते. इथे आता तो वेगळा गुन्हा आहे.

आणि २०११ पासून इथे प्रत्येक घरगुती खुनानंतर सरकारी चौकशी होते, गुन्हेगाराला शिक्षा करण्यासाठीची नव्हे. मेलेली बाई दवाखान्यात गेली होती का, पोलिसांना फोन केला होता का, शाळेला काही दिसलं होतं का, कुणी कुणाला कळवलं नाही. तो अहवाल नाव बदलून छापतात. सुधारणा झाल्यात असं छातीठोकपणे म्हणत नाही, त्याच त्याच चुका अहवालांत पुन्हा दिसतात. पण निदान चूक कुठे झाली ते लिहिलेलं असतं.

एक_वकील

दूरदेशी, गळा दाबण्याचा मुद्दा फार मोलाचा. आमच्याकडे अशी तक्रार आली की बहुतेक वेळा एनसी घेतात, अदखलपात्र. बाई एनसीची चिठ्ठी घेऊन घरी. पुढे खून झाला की ती चिठ्ठी दोषारोपपत्राला जोडायची की नाही, हे तपासी अंमलदारावर.

चिंगी

अवांतर: मी गेलं वर्षभर आमच्या जिल्ह्याच्या पानावरच्या अशा बातम्या कापून वहीत चिकटवतेय. ‘चारित्र्याच्या संशयावरून’, ‘किरकोळ वादातून’, ‘जेवण वाढायला उशीर झाला म्हणून’. पहिल्या ओळीत नवऱ्याचं कारण, आणि शेवटच्या ओळीत, तीही असलीच तर, ‘विवाहितेने यापूर्वीही तक्रार केली होती’. मला ती शेवटची ओळ वर हवी असते. माझी आई म्हणते हे कसलं भरतकाम मांडलंस, घरात ठेवू नकोस. मी ठेवणार आहे.

पाटलीणबाई

चिंगे, ठेव. आईला माझं नाव सांग.

अरुणकाका

पुण्यातल्या लोकांना आठवत असेल. १९८२ मध्ये मंजुश्री सारडा प्रकरण गाजलं, लग्नाला चार महिने झालेल्या मुलीचा सासरी मृत्यू. शहर हादरलं होतं. नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन केलं, विद्याताई बाळ त्यात होत्या. ते बघायला बायका यायच्या आणि उभ्या उभ्या स्वतःचंच सांगायला लागायच्या. मी कॉलेजात होतो, खुर्च्या उचलायला गेलो होतो. आपल्या गल्लीतल्या, रोज दिसणाऱ्या बाया बोलत होत्या. माझ्यासारख्या पोराला ते सगळं नवीन होतं.

खटल्यात पुढे १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याला निर्दोष सोडलं. वकीलसाहेबांनी त्यावर लिहावं.

एक_वकील

काका, तो निकाल आजही रोज कोर्टात वाचला जातो. परिस्थितीजन्य पुराव्याची पाच तत्त्वं त्यात आहेत: साखळी पूर्ण हवी, आरोपीच्या निर्दोषत्वाला कुठेही वाव उरता कामा नये. न्यायशास्त्र म्हणून मला ती तत्त्वं मान्य आहेत. अडचण अशी की घराच्या आत खून झाला तर साक्षीदार असतो कोण?

त्याचं उत्तर २००६ मध्ये आलं, तेही महाराष्ट्रातल्याच प्रकरणात, त्रिमुख मारोती किरकन निकाल. घराच्या चार भिंतींत बाई मेली, नवरा तिथे होता, तर काय झालं ते सांगायची जबाबदारी तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम १०६ (आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १०९) खाली त्याच्यावरही येते, गप्प बसून किंवा खोटं सांगून सुटता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. सरकार पक्षाला प्राथमिक पुरावा द्यावा लागतोच, पण ‘मी झोपलो होतो’ एवढ्यावर भागत नाही.

तक्रारदार माहेरच्यांसाठी: लग्नाला सात वर्षं झालेली नसताना मुलीने आत्महत्या केली किंवा मृत्यू संशयास्पद असला तर शवविच्छेदन सक्तीचं आहे. घाईघाईने अंत्यविधी होऊ देऊ नका. दंडाधिकाऱ्यांकडून चौकशीची मागणी लेखी द्या आणि पोच घ्या.

शशांक_डोंबिवली

वरचं सगळं वाचलं. माईंचं आणि दूरदेशींचं दोनदा वाचलं. खोट्या तक्रारींबद्दलचं माझं मत तेच आहे. पण खुनाच्या तक्त्यात नात्याचा रकाना हवा याला माझा पाठिंबा. त्यात कुणाचंच नुकसान नाही, आणि बायकोने नवऱ्याला मारलं तर तेही त्यात दिसेल.

केतकी_सातारा

दिसायलाच हवं, शशांक. स्पेनमध्ये सरकारच २००३ पासून जोडीदाराच्या हातून गेलेल्या बायका मोजतं, आणि तिथले पोलीस २००७ पासून प्रत्येक तक्रारदार बाईला किती धोका आहे याची श्रेणी ठरवतात. ‘भावनेचा विषय आहे, मोजता येत नाही’ असं तिथे कुणी म्हणत बसलं नाही.

समुपदेशक_रेखा

आकड्यांच्या चर्चेत एखादी बाई हा धागा स्वतःसाठी वाचत असेल, म्हणून लिहिते. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. महाराष्ट्रात काही पोलीस ठाण्यांच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष आहेत. पहिला १९८४ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाला. मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयांत ‘दिलासा’ केंद्रं आहेत, पहिलं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात. तिथे मार लागल्याची नोंद केसपेपरवर होते आणि तो कागद पुढे कोर्टात उपयोगी पडतो. जिल्ह्यात हिंसा सोसलेल्या बायकांसाठी सरकारी सखी केंद्र.

आणि एक विनंती. त्याने गळा धरला असेल, ‘सोडून गेलीस तर जिवंत ठेवणार नाही’ म्हणाला असेल, तुमच्या मागे मागे फिरत असेल, तर ते रागाचं बोलणं समजू नका. कुणाला तरी तारखेसह लिहून पाठवा. बहिणीला व्हॉट्सॲप केलं तरी चालेल. आणि निघायचं ठरवलंत तर त्याच्याशी भांडताना ते बोलून दाखवू नका.

सिस्टर_माई

रेखा, हे फार आवश्यक होतं.

खानदेशी

@समुपदेशक_रेखा, सखी केंद्र आमच्या तालुक्यापासून दोन तास. शेवटची एसटी साडेसात वाजता. माझा मुद्दा तिथेच आहे.

समुपदेशक_रेखा

बरोबर आहे तुमचं. रात्रीसाठी ११२ची गाडी हा एकच पर्याय उरतो आणि ती गाडी बऱ्याचदा समजूत काढून परत जाते. ते बदललं पाहिजे.

आकडेमोड_प्रिय

मूळ प्रश्नाकडे येतो. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रथम खबरी अहवाल दिसतात. संवेदनशील गुन्ह्यांचे काढून टाकतात, पण खुनाचे बरेचसे असतात. त्यात नातं लिहिलेलं असतंच: ‘फिर्यादीची मुलगी’, ‘आरोपी जावई’. म्हणजे माहिती पोलिसांकडे आहे, एनसीआरबीच्या तक्त्यापर्यंत ती पोचत नाही एवढंच. जिल्हा पातळीवर माहिती अधिकारात मागता येईल: वर्षभरात खून झालेल्या बायका, आरोपीशी नातं, आणि त्याच पत्त्यावरून आधी एनसी किंवा तक्रार होती का. नावं मागायची नाहीत. आकस्मिक मृत्यूंसाठी वेगळा अर्ज: १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायका, मृत्यूचं कारण, फाईल बंद झाली की पुढे गुन्हा दाखल झाला.

चिंगीच्या कात्रणांशी ती माहिती ताडून बघता येईल. बातमीत आलेल्या आणि पोलिसांच्या उत्तरात नसलेल्या बायका किती, हेही त्यातून कळेल.

चिंगी

माझी वही तयार आहे. पण ‘माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर?

एक_वकील

येणारच. तेव्हा अर्जातच लिहा की एकत्रित नसल्यास ठाणेनिहाय गुन्हा नोंदवही आणि आकस्मिक मृत्यू नोंदवहीचं निरीक्षण करू द्यावं. निरीक्षणाचा हक्क त्याच कायद्यात आहे. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. मसुदा मी तपासून देतो.

केतकी_सातारा

मी सातारा घेते. चिंगी, तू तुझा जिल्हा. मसुदा रविवारपर्यंत इथेच टाकते. आणखी कुणाला आपल्या जिल्ह्यासाठी अर्ज द्यायचा असेल तर जिल्ह्याचं नाव लिहा, म्हणजे दोघींचा अर्ज एकाच कार्यालयात जायला नको.

पाटलीणबाई

सांगली. अर्ज माझी सून लिहील, सही माझी.

शशांक_डोंबिवली

ठाणे. आयुक्तालय आणि ग्रामीण वेगळे आहेत, दोन अर्ज लागतील. दोन्ही देतो.

खानदेशी

धुळे. त्याच अर्जात ११२ला रात्री आलेल्या फोनवर गाडी किती वेळात पोचली, हेही विचारा. ते नसेल तर मी वेगळा अर्ज करीन.